चुकीच्या माणसासमोर वाचलेला कागद

हंडा अर्धा आटला होता. उजाडता उजाडता टेसी हॉब्सनने अंगणात तीन दगडांवर तांब्याचा मोठा हंडा चढवला, त्यात सफरचंदाचा ताजा रस आणि चार टोपल्या सोललेल्या फोडी घातल्या, आणि तेव्हापासून ती चार हात लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन ढवळत उभी होती. हा पदार्थ मोठा मानी. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं त्याला वाटायचा अवकाश, की बुडाला लागलाच म्हणून समजावं. दुपारपर्यंत फोडी विरल्या होत्या, गर तांबूस झाला होता. पण काळपट होऊन फावड्याला चिकटून बसायला अजून दोन तास तरी हवे होते. तेवढ्यात वाटेवर घोडागाडी दिसली.

गाडीतून लॉयड प्रुइट उतरला. हा नदीपलीकडच्या, गुलामगिरी अजून कायदेशीर असलेल्या मिसुरी राज्यातला वकील. टेसीच्या भाच्याचा, इलामचा, खटला त्याच्याकडे होता. त्याच्या बुटांवर दोन दिवसांची धूळ होती आणि बातमी काय असावी ते चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"मिसेस हॉब्सन," टोपी काढून तो म्हणाला, "आत बसून बोलता येईल का?"

"टेसी म्हण, लॉयड प्रुइट. आणि टोपी घाल डोक्यावर, वारं सुटलंय. हंडा सोडून मला आत येता येत नाही."

"उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते."

"मग ढवळता ढवळता सांग." तिने फावडं त्याच्या हातात दिलं. "कडेनं दोनदा, मधून एकदा. बूड खरवडलं पाहिजे."

वकिलाने आयुष्यात चमच्याहून मोठं काही ढवळलं नसावं. पण तो ढवळू लागला, आणि हंड्याकडे बघत म्हणाला, "अठरा नोव्हेंबरला. फाशी."

टेसी लाकडाच्या ओंडक्यावर बसली. मग उठली, आणि जाळातलं एक लाकूड मागे ओढलं, कारण आच फार झाली होती.

एल्म क्रीकची ही वस्ती क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती लोकांची. ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवत. त्यांच्यात लहानमोठं नाही; न्यायाधीश असो की गुराखी, सगळ्यांना नावानं हाक आणि सगळ्यांना ‘तू’. शपथ घ्यायची नाही, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायला मोकळे असं होतं. शस्त्र धरायचं नाही. महिन्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. आणि गुलामांच्या कष्टाचं काही घरात आणायचं नाही. टेसीच्या घरात अठरा वर्षांत उसाच्या साखरेचा कण आला नव्हता; गोडाला मेपलच्या झाडाचा रस आटवायचा, अंगाला लोकर आणि जवसाच्या धाग्याचं कापड. नवी सून येते तशी ती इथं आली तेव्हा तिला हे जड गेलं होतं. आता कुणी साखर पुढे केली तर तिला त्यात कुणाचे तरी हात दिसत.

इलाम तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा पाच वर्षांचा होता. टेसीला मूल नव्हतं. देवानं एक दार लावून दुसरं उघडलं, असं ती मानत आली.

"पण तू तर लिहिलं होतंस की तुरुंगवासावर भागेल," ती म्हणाली.

"भागलं असतं." प्रुइटचा आवाज एकदम चढला. इतके दिवस दाबून ठेवलेलं होतं ते. "बाई, ऐका. तो मळेवाला टकर स्वतःच्या दारात गोळी लागून पडला तेव्हा समोर, त्याचे गुलाम सोडवायला आलेल्यांपैकी तिघांच्या हातात बंदुका होत्या. कुणाची लागली ते कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या म्होरक्याला, कॅप्टन राइसला, त्याबद्दल जूनमध्ये फाशी झालेलीच होती. मी ज्यूरीला एवढंच म्हटलं, जो दोषी होता तो गेला, हा पोरगा मागे लागून आलेला. बारापैकी आठ चेहरे मऊ झालेले मी पाहिले. न्यायाधीश रीतीप्रमाणे म्हणाले, आरोपीला काही सांगायचंय का. मी त्याला शंभरदा बजावलं होतं, नाही म्हण आणि खाली बस. तो उभा राहिला, आणि खिशातून कागद काढला."

टेसीचा हात जाळाजवळच थांबला.

"कागद काढला," प्रुइट म्हणाला, "आणि शाळेतलं पोर धडा वाचतं तसा सरळ उभा राहून वाचला. गोळी माझी, कॅप्टनची नव्हे. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जसं काही आता कुणीतरी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवणार आहे. मी वीस वर्षं वकिली करतोय. असा माणूस मी पाहिला नाही. कुणी शिकवलं हे त्याला?"

"मी," टेसी म्हणाली. "ढवळ. थांबू नकोस."

इलाम सात वर्षांचा असताना त्यानं शेजारच्या जोएल म्हाताऱ्याचं मधमाश्यांचं पोळं काठीनं पाडलं होतं. कुणी पाहिलं नव्हतं. दोन दिवस पोर जेवलं नाही, तेव्हा टेसीनं ओळखलं. मित्रांच्या सभेत एक रीत आहे: ज्याच्या हातून चूक होते त्यानं कुणी विचारायच्या आत स्वतः ती कागदावर लिहावी, ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे उभं राहून वाचावी, आणि मग सभेत वाचावी. वाचली की संपलं. ती चूक पुन्हा कुणी त्याच्या तोंडावर काढत नाही. टेसीनं पोराला पाटी दिली नाही, खरा कागद दिला, शाई दिली. वाकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं, ‘जोएल, तुझं पोळं मी पाडलं, वाऱ्यानं नाही.’ तिनं त्याला बोटाला धरून कुंपणापर्यंत नेलं आणि पुढे एकट्याला पाठवलं. जोएलनं ऐकून घेतलं, दाढी खाजवली, आत गेला, आणि मधाच्या पोळ्याचा एक तुकडा ताटलीत घालून आणला. पोरगं घरी आलं ते कोपरापर्यंत मधानं माखलेलं.

तेव्हा ती हसली होती. आता तिला वाटलं, त्या दिवशी जोएलनं मध दिला नसता तर बरं झालं असतं. पोरानं मनाशी हिशेब बांधला असेल, की खरं सांगितलं की गोड मिळतं.

तिनं फावडं परत घेतलं. गर जड झाला होता. ढवळताना मन मागे जातं, तसं तिचं गेलं, त्या हिवाळ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होता होता, गिडियन राइस हा माणूस पाच पोरांना घेऊन वस्तीवर आला. बुटका, दाढी नसलेला, मूळचा विहिरी खणणारा. लोक त्याला कॅप्टन म्हणत. मित्रांच्या वस्तीत कॅप्टन म्हणणं बरं नाही, म्हणून टेसी त्याला गिडियन म्हणे, आणि तो ऐकून घेई. राहण्याजेवण्याबद्दल मी तुला पैसे देणार नाही, विहीर देईन, असं तो म्हणाला. जमीन दगडासारखी गोठलेली. रोज सकाळी खड्ड्यात जाळ पेटवायचे, माती सैल झाली की हातभर खणायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाळ. वसंतापर्यंत पाणी लागलं. गोड पाणी.

त्या सहाजणांनी घर भरून गेलं होतं. चुलीभोवती बारा मोजे वाळत असायचे आणि त्यांची जोडी कधी जुळायची नाही. जेवण झालं की पोरं वाद घालायची. नेथन, तिचा नवरा, मध्ये बसून निवाडा करायचा. जनावरांना स्वर्ग आहे का, यावर तीन संध्याकाळी गेल्या, आणि शेवटी नेथननं निकाल दिला की बैलाला आहे, खेचराला नाही. एक पोर गायचं. मित्रांच्या घरात गाणं नाही, म्हणून टेसी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. पण पुरतं लावायची नाही. इतकी भाकरी तिनं आयुष्यात कधी भाजली नव्हती, आणि इतकी हलकी ती कधी झोपली नव्हती. मूल नसलेल्या बाईला एका हिवाळ्यात आणखी पाच मुलगे मिळाले होते.

कोठाराच्या मागे रोज दुपारी लाकडी तलवारी घेऊन कवायत चालायची. वस्तीतली पोरं कुंपणावर चढून बघत. मोठी माणसं त्या बाजूला जायचीच नाहीत, म्हणजे पाहिलं असं म्हणावं लागणार नाही.

आणि माळ्यावर दोन खोकी होती. वर लिहिलं होतं, ‘कुदळी’. एकदा केर काढताना टेसीनं एक खोकं सरकवलं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला कुदळीचं वजन ठाऊक असतं. ती क्षणभर उभी राहिली, मग खोक्यामागचा केर भरून खाली आली. गिडियन चुलीपाशी बसला होता. त्यानं वर बघितलं. टेसीनं काही विचारलं नाही. मित्रांमध्ये विचारलं तर खरं उत्तर मिळतं, आणि खरं उत्तर मिळालं तर त्याचं काहीतरी करावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात ते निघाले तेव्हा इलाम कणीक मळणाऱ्या तिच्या मागे येऊन उभा राहिला. "मावशी, जाऊ?"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. "लोकरीचा सदरा घाल आतून," एवढंच ती म्हणाली.

ते गेले, वर्षभर सरहद्दीवर कुठे कुठे राहिले, आणि ह्या वर्षीच्या तिसऱ्या महिन्यात एका पहाटे नदी ओलांडून टकरच्या मळ्यावर गेले. गुलामीतली अकरा माणसं सोडवली. टकर मेला. अकराही माणसं एक अख्खा दिवस टेसीच्या स्वयंपाकघरात होती. त्यांतली डेलफी नावाची बाई, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. टेसीनं भाकरीला हाच सफरचंदाचा गर लावून दिला.

"गोड आहे," डेलफी म्हणाली, "पण साखर नाही यात."

"आमच्यात नाही घालत."

"बरं करता. इकडे विकली जायच्या आधी मी दक्षिणेत उसाच्या मळ्यावर होते. साखर कशी होते ते मी पाहिलंय."

टेसीनं तिला विचारलं होतं, टकरची बायको मालकीण म्हणून कशी होती. डेलफी जरा वेळ पोराचं तोंड पुसत राहिली. "कशी म्हणजे? पोराचा घसा धरला तेव्हा कांद्याचं पोटीस घेऊन माझ्याबरोबर जागली. आणि पोर बरं झाल्यावर म्हणाली, देवाची कृपा, चारशे डॉलर वाचले."

संध्याकाळी गवताच्या गाडीतून ती सगळी उत्तरेला गेली. डेलफीचं पोर इलामच्या खांद्यावर झोपलं होतं. ते गाडीत दिल्यावर त्यानं दोन्ही हात काखेत खुपसले. टेसीला वाटलं, थंडीनं. मागे राहिलेल्या पोरांना वाट दाखवायला कॅप्टन आणि इलाम नदीकडे परत गेले, आणि नावेच्या घाटावर पकडले गेले.

गर झाला. नेथन कोठारातून लंगडत आला. घोड्यानं लाथ मारल्यापासून त्याचा एक पाय धड नव्हता. त्यानं प्रुइटच्या तोंडाकडे पाहिलं, टेसीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि न बोलता हंडा उतरवायला हात लावला. बरण्या भरून झाल्यावर तिघं आत जाऊन बसली. टेसीनं भाजलेल्या जवाची कॉफी आणि डुकराच्या मांसाचे काप पुढे ठेवले. वकिलानं एक घोट घेतला आणि कप हळूच लांब सरकवला.

"काही उपाय?" नेथननं विचारलं.

"एक आहे." प्रुइटनं चामड्याच्या पाकिटातून कागद काढला. "गव्हर्नरांना अर्ज. आरोपी लहानपणापासून मंदबुद्धी आहे, आपण काय बोलतो हे त्याला कळत नाही, तेव्हा त्याची कबुली धरू नये. ज्यांनी वाढवलं त्या दोघांच्या सह्या हव्यात. फाशीची जन्मठेप होईल. मी बोलून आलोय, वारं अनुकूल आहे."

नेथननं कागद वाचला. मग दौत जवळ ओढली.

"नेथन," टेसी म्हणाली.

"मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. खोटं आहे. आहेच. चाळीस वर्षं मी घोड्याच्या बाजारातसुद्धा खोटं बोललो नाही, आणि माझ्याएवढा ठकला गेलेला माणूस या जिल्ह्यात नाही. ते सगळं खरं बोलणं साठलं असेल ना देवापाशी? त्यातलं हे एक वळतं करून घेईल तो."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मी जाईन नरकात. पोरगं जिवंत राहील."

टेसीनं हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मित्रांची रीत अशी की पेच आला की सगळ्यांनी गप्प बसायचं, मनातला देवाचा उजेड काय दाखवतो ते बघायचं. प्रुइटला रीत ठाऊक नव्हती. त्यानं दोनदा घसा साफ केला, मग तोही गप्प झाला. घड्याळ चाललं होतं. टेसीला कसलाही उजेड दिसत नव्हता. दिसत होता तो पाच वर्षांचा इलाम, आईच्या शालीचं टोक मुठीत धरून दारात उभा असलेला. सही कर, तिचं मन म्हणत होतं, सही कर आणि मग आयुष्यभर रड.

शेवटी ती म्हणाली, "लॉयड प्रुइट, हा कागद तू इलामला दाखवलास?"

वकील चुळबुळला. "त्याची गरज नाही कायद्यानं."

"पण दाखवलास."

"दाखवला."

"काय म्हणाला?"

प्रुइटनं कपाळ चोळलं. "म्हणाला, टेसी मावशी यावर सही करणार नाही. आणि चुकून केलीच, तर मला शाई आणून दे, मी गव्हर्नरला लिहीन की ती प्रेमापोटी चुकली, मी मंदबुद्धी नाही, मला त्रैराशिक येतं."

नेथनच्या तोंडून हसू फुटलं, आणि तसाच त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यानं लेखणी खाली ठेवली. "मी त्याला त्रैराशिक शिकवलं," तो म्हणाला. "तू कबुली शिकवलीस, मी त्रैराशिक. दोघांनी मिळून चांगला दोर वळला."

"त्यानं कोर्टात वाचला तो कागद आहे तुझ्याकडे?" टेसीनं विचारलं.

नक्कल होती. तिनं ती खिडकीशी नेऊन वाचली.

‘मी इलाम वेब. तिसऱ्या महिन्याच्या अकराव्या दिवशी पहाटे टकरच्या दारात मी बंदूक उचलली. त्याच्या एका हातात कंदील होता. दुसऱ्या हातात काय होतं ते मी पाहिलं नाही, पाहायला थांबलो नाही. गोळी माझी. त्याबद्दल गिडियन राइसला फाशी झाली, ती चूक झाली, आणि मी तेव्हाच बोललो नाही ही माझी दुसरी चूक. अकरा माणसं नेली त्याचा मला पस्तावा नाही. एक माणूस मेला त्याचा आहे, रोज आहे. मी स्वतःला दोषी धरतो, आणि जिचा अपराध केला तिनं जमल्यास मला क्षमा करावी.’

टेसीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"ती होती का कोर्टात? टकरची बायको?"

"लुविनिया टकर? सुरुवातीला दोन दिवस होती. त्या दिवशी नव्हती."

"मग हा ऐकला कुणी?"

"सगळ्यांनी. न्यायाधीशांनी, ज्यूरीनं, गावानं."

"त्यांचा काय अपराध केला होता यानं?" टेसी परत टेबलाशी येऊन बसली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली होती. "नेथन, पोरानं रीत उलटी केली. कागद आधी जिचा अपराध केला तिच्यापुढे वाचायचा, मग सभेत. यानं आधी सभेतच वाचला, तेही परक्यांच्या. बरोबर शिकला आणि चुकीच्या माणसापुढे वाचला."

"तो तुरुंगात होता, टेसी. जाणार कसा तिच्याकडे?"

"त्याला जाता येत नाही, तर ज्यानं शिकवलं त्यानं जायचं."

प्रुइट दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग तो पुढे वाकला. त्याच्यातला वकील जागा झाला. "थांबा. टकरबाईनं एक ओळ लिहून दिली, फाशी झाली नाही तरी माझी हरकत नाही एवढीच, तर गव्हर्नर मोडणार नाहीत तिचा शब्द. आमच्याकडे विधवेच्या शब्दाला वजन असतं. पण ती देणार नाही. मी दोनदा जाऊन आलोय."

"काय घेऊन गेला होतास?"

"अर्जाचा मसुदा."

"म्हणजे तिनं काय द्यायचं ते घेऊन गेलास. तिला द्यायचं काहीच नेलं नाहीस."

"बाई, ती तुमच्यावर कुत्री सोडेल. आणि पहिला प्रश्न विचारील, माझी अकरा माणसं कुठं आहेत."

"सांगणार नाही, असं सांगेन."

"मग दार लावून घेईल."

"लावू दे. तोवर माझं वाचून झालेलं असेल."

तिनं कपाटातून कोरा कागद काढला आणि नेथनसमोरची दौत आपल्याकडे घेतली. ती सावकाश लिहीत होती. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची, जसं काही तिथं सहा पोरं लाकडी तलवारी घेऊन उभी आहेत आणि त्यांची नावं चुकायला नकोत. पण नावं तिनं लिहिली नाहीत. लिहून झाल्यावर कागद नेथनपुढे सरकवला. त्यानं मोठ्यानं वाचला, कारण चष्मा नसला की तो मोठ्यानं वाचत असे.

‘मी टेसी हॉब्सन. ज्यांनी तुझ्या नवऱ्याला मारलं त्यांना मी हिवाळाभर जेवू घातलं आणि ते माझे लाडके होते. माझ्या माळ्यावर बंदुका होत्या. मला वजनावरून कळलं होतं. मी विचारलं नाही. माझा मुलगा जाताना मला विचारायला आला, तेव्हाही मी नको म्हटलं नाही. शस्त्र वाईट असं मी त्याला शिकवलं होतं, पण ज्या कामासाठी ते निघाले ते व्हावं अशी माझी इच्छा होती, म्हणून मी तोंड फिरवून कणीक मळत राहिले. तुझ्या घरची माणसं माझ्या घरात जेवली, त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. तुझा नवरा गेला, त्यात माझा हात आहे, त्याबद्दल मागते.’

नेथननं कागद खाली ठेवला आणि त्यावर तळहात ठेवला.

"हा तिथं वाचलात," प्रुइट हळू आवाजात म्हणाला, "तर काय होईल ते मी सांगायला हवं. नदीपलीकडे हा पुरावा आहे. गुलाम पळवायला मदत, खुनाच्या कटाला आसरा. शेरीफ तुम्हाला त्या दारातूनच उचलू शकतो. पोरानं केली तीच चूक तुम्ही जाणूनबुजून करताय."

"तीच नाही," टेसी म्हणाली. "मी योग्य घरी जातेय."

"एक आत आहे तो पुरे नाही का?" नेथन म्हणाला. त्यानं टेबलाला धरून उठायला पाहिलं. "मी येतो."

"त्या पायानं? नावेत चढवायला चार माणसं लागतील तुला. शेरीफला तेवढंच काम वाढेल." मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, परक्या माणसासमोर असं ती कधी करत नसे. "तू मागे राहायला हवास. मी आले नाही तर सभेत हे दोन्ही कागद कुणीतरी वाचले पाहिजेत."

"आणि तिनं काही न ऐकताच हाकललं तर?"

 टेसीला ती बाई डोळ्यांपुढे आणता येत होती: पोटीस बांधणारे हात आणि पोराची किंमत करणारं तोंड, एकाच बाईचं. अशा बाईपुढे कधी काय उभं राहील ते देवालाच ठाऊक. तिच्या टेबलावर साखर असेल. बस म्हणाली आणि पुढे केली, तर काय करायचं? आयुष्यात पहिल्यांदा टेसीला वाटलं, की खाईन. न बोलता खाईन. मग वाटलं, नाही, डेलफीनं जे पाहिलं ते मला ठाऊक आहे. नको म्हणेन, पण उठून जाणार नाही. एवढंच तिचं ठरलं. बाकी तिथं गेल्यावर ठरायचं होतं.

प्रुइट उठला. टोपी घालता घालता थांबला. "बाई, घाटावरून टकरचं घर चार मैल आहे. डाव्या हाताची वाट. माझ्या गाडीतून आलात तर शेरीफ म्हणेल वकिलानं शिकवून आणली. तेव्हा मी आज पुढे जातो." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "ती दुपारी झोपते. सकाळी जा. सकाळी ती परसात असते, आणि एकटी असते, आता काम करायला कुणी नाही तिच्याकडे."

गाडी गेली. टेसीनं इलामच्या आणि आपल्या कागदाची एकेक नक्कल नेथनसाठी टेबलावर ठेवली, मग ते दोन्ही कागद जवसाच्या फडक्यात गुंडाळले, वर करड्या रंगाची शाल काढून ठेवली, आणि नेथनला दूध कुठं, पीठ कुठं ते सांगितलं, जे त्याला ठाऊक होतं. तो प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणाला. मग तिनं गुडघे टेकले. शब्द काही आले नाहीत, पण मित्रांना त्याची सवय असते.

सकाळच्या पहिल्या नावेनं नदी ओलांडायची, आणि डाव्या हाताच्या वाटेनं चार मैल चालत लुविनिया टकरच्या परसदारी जायचं, हे तिचं पुढचं काम होतं.